अफवेचा प्रतिकार : अकरा शहरांनी मिळून केलेला एक प्रयोग

व्यापारी पेठेत अफवेचे सामर्थ्य किती असते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. अमुक पेढी डबघाईस आली अशी कुजबूज सकाळी सुरू झाली, की दुपारपर्यंत ठेवी परत मागणारांची रीघ लागते आणि संध्याकाळपर्यंत चांगली भरभक्कम पेढीही खरोखरीच अडचणीत येते. बातमी मुळात खोटी असते. परंतु तिच्यावर विश्वास ठेवून लोक जे वागतात, त्या वागण्याने ती खरी ठरते. म्हणून शहाणा व्यापारी अफवेकडे करमणूक म्हणून पाहत नाही. ती कोठून निघाली, कोणाच्या तोंडून कोठे गेली आणि तिला कोणाचा शब्द थांबवू शकेल, याचा तो तत्काळ विचार करतो.

पेढीची जशी पत असते, तशीच माणसांच्या समुदायाचीही असते. त्यांतही नव्याने येऊन वसलेल्या लोकांची पत सर्वांत कच्ची; कारण त्यांस ओळखणारे व त्यांच्यासाठी जामीन राहणारे जुने माणूस गावात नसते. त्यांच्याविषयी काही आवई उठली, तर ती खोडून काढणार कोण? ते स्वतः बोलले तर ‘हे आपली बाजू सांगणारच’ असे म्हणून त्यांचे म्हणणे सोडून दिले जाते. आणि जुने रहिवासी तर ती आवई पसरविण्यातच गुंतलेले असतात. या अडचणीवर युरोपातील काही शहरांनी शोधलेल्या एका मार्गाचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे. विषय दूरदेशीचा असला, तरी त्याचे मर्म आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे, असे वाचकांस शेवटी दिसून येईल.

बार्सिलोनाचा अनुभव

स्पेन देशाच्या ईशान्य भागात भूमध्य समुद्राच्या काठी बार्सिलोना हे मोठे बंदर आहे. कातालोनिया प्रांताची ही राजधानी. या शहराला परके लोक नवे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणेकडील आंदालुसिया वगैरे गरीब मुलखांतून हजारो कुटुंबे येथील कारखान्यांत कामास आली. त्याच काळात स्पेनमधील लक्षावधी माणसे जर्मनी, फ्रान्स व स्वित्झर्लंड या देशांत पोट भरावयास गेली होती. म्हणजे हा देश माणसे पाठविणारा होता. सन २००० नंतर मात्र ओघ उलटा वाहू लागला. सन २००० मध्ये बार्सिलोनाच्या लोकवस्तीत परदेशी नागरिकांचे प्रमाण शेकडा ४ च्या आत होते. दहा वर्षांत ते शेकडा १७ च्या आसपास गेले. दक्षिण अमेरिका, मोरोक्को, पाकिस्तान, चीन, फिलिपाइन्स, रुमानिया अशा नाना ठिकाणांहून लोक आले. एका पिढीचेही अंतर न पडता एवढा पालट झाला.

याच सुमारास, म्हणजे २००८ नंतर, स्पेनवर आर्थिक संकट कोसळले. घरबांधणीचा धंदा बसला आणि २०११ पर्यंत देशातील बेकारीचे प्रमाण शेकडा २० च्या वर गेले. हातची कामे गेलेल्या माणसाला आपल्या दुःखाचे कारण शोधावेसे वाटते, आणि समोरचा नवखा माणूस हे कारण म्हणून आयताच सापडतो. नगरपालिकेने सर्व संस्कृतींच्या लोकांनी एकत्र नांदण्यासंबंधीची आपली योजना २०१० मध्ये तयार केली. तत्पूर्वी शहरातील पुष्कळ लोकांस व संस्थांस विचारण्यात आले होते, की निरनिराळ्या मुलखांच्या लोकांनी येथे सुखाने एकत्र राहण्यात आडवे काय येते? उत्तरांत भाषा, घरे, कायदे यांचा उल्लेख होताच. परंतु एकमेकांविषयीचे अज्ञान, ठरीव समजुती आणि ऐकीव गोष्टी यांवर फार मोठ्या संख्येने लोकांनी बोट ठेवले.

या ऐकीव गोष्टी कोणत्या? नमुन्यादाखल एक आपल्या व्यवसायाशीच संबंध असलेली पाहा. ‘परदेशी माणसाने दुकान काढले की सरकार त्याला पैशाची मदत करते आणि त्याला करही माफ असतो; म्हणूनच त्याला रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवून स्वस्त माल विकणे परवडते.’ ही गोष्ट शहराच्या गल्लोगल्ली सांगितली जाई. वस्तुतः दुकानाचा परवाना, त्याची फी, विक्रीवरील कर यांत दुकानदार कोणत्या देशाचा, हा प्रश्नच येत नाही. मूळ देश पाहून करमाफी देणारा कायदा तेथे नाही. दुकान उशिरापर्यंत उघडे असते ते घरची चार माणसे पाळीपाळीने गल्ल्यावर बसतात म्हणून. आपल्या वडीलधाऱ्यांनी परमुलखात पहिले दुकान थाटले तेव्हा याहून काय निराळे केले होते?

दुसरी आवई रुग्णालयांविषयीची : ‘हे लोक येऊन दवाखाने भरून टाकतात.’ तिसरी सरकारी साहाय्याविषयीची : ‘सर्व मदत त्यांनाच मिळते.’ चौथी शाळांविषयीची : ‘त्यांच्या मुलांमुळे शाळेचा दर्जा खालावतो.’ या चार गोष्टी वाचताना, नावे बदलली तर आपल्याही गावात त्या ऐकल्या आहेत, असे ज्याला वाटणार नाही असा वाचक विरळा.

अफवा निवारण्याची रीत

बार्सिलोना नगरपालिकेत स्थलांतरितांच्या प्रश्नाचे काम त्या वेळी दानिएल दे तोर्रेस यांच्याकडे होते. त्यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये अफवानिवारणाची योजना सुरू झाली. नुसती भित्तिपत्रके लावून ‘सर्वांशी बंधुभावाने वागा’ असा उपदेश करावयाचा, ही जुनी रीत येथे सोडून देण्यात आली. उपदेश ज्याला पटलेला असतो तोच तो ऐकतो. बाकीचे भित्तिपत्रकाखालून निघून जातात. म्हणून निराळा क्रम आखण्यात आला. तो असा :

पहिली पायरी, शहरात कोणत्या गोष्टी बोलल्या जातात यांची यादी करावयाची. ती कचेरीत बसून नव्हे, तर बाजारात, शाळेच्या दारात, दवाखान्याच्या रांगेत कान देऊन.

दुसरी पायरी, प्रत्येक गोष्टीमागे सत्य किती, हे नगरपालिकेच्या व सरकारच्या दप्तरांतून तपासावयाचे. एखाद्या तक्रारीत तथ्य निघाले, तर ते मान्य करावयाचे.

तिसरी पायरी, शहरातील संस्था, शेजारमंडळे, शाळा, वाचनालये यांचे एक जाळे उभारावयाचे. हे काम एकट्या नगरपालिकेचे राहिले, तर लोक त्याला सरकारी प्रचार म्हणणार, ही भीती खरीच होती.

चौथी पायरी, आणि हीच सर्वांत मोलाची, सामान्य नागरिकांतून स्वयंसेवक निवडून त्यांस थोडक्या दिवसांचे शिक्षण द्यावयाचे. यांस ‘अफवानिवारक’ असे नाव देण्यात आले. त्यांत शिक्षक होते, परिचारिका होत्या, पेन्शनर होते, गृहिणी होत्या. त्यांनी सभा घ्यावयाच्या नव्हत्या. आपले घर, आपली कचेरी, आपली नेहमीची बसण्याउठण्याची जागा, एवढेच त्यांचे क्षेत्र. तेथे एखादी आवई कानी आली, तर तिला शांतपणे उत्तर द्यावयाचे, एवढेच त्यांचे काम.

हे उत्तर कसे द्यावयाचे, याचे शिक्षण लक्षात ठेवण्याजोगे आहे. समोरच्या माणसाला खोटारडा किंवा दुष्ट म्हणावयाचे नाही. कारण तो बहुधा दुष्ट नसतो, ऐकलेले पुढे सांगणारा असतो. त्याला प्रथम पूर्ण बोलू द्यावयाचे. मग विचारावयाचे : ‘हे आपण स्वतः पाहिले, की कोणाकडून ऐकले? ज्याने सांगितले त्याने पाहिले होते काय? आपल्या ओळखीच्या एखाद्या अशा माणसाचे उदाहरण घेऊन पाहू या का?’ आकडे सांगावयाचेच, पण अखेरीस आणि थोडके. माणूस आकड्यांपुढे हार खातो, परंतु आकड्यांनी त्याचे मन वळत नाही. प्रश्नाने मात्र तो स्वतःच्या मनाशी बोलू लागतो.

यांच्या जोडीला रंजक साधनेही तयार झाली. मिगेल गाय्यार्दो या चित्रकाराने एक चित्रकथा काढली. तिच्यात रोसिता नावाची वृद्ध बाई व तिची शुश्रूषा करणारी, परदेशातून आलेली ब्लांका, या दोघींच्या बोलण्यातून शहरातील आवयांची परीक्षा होते. ही कथा लोकांस फुकट वाटण्यात आली. परक्या स्त्रीच्या हातचे औषध विश्वासाने घेणाऱ्या वृद्धेच्या तोंडचे दोन शब्द दहा व्याख्यानांचे काम करतात.

अकरा शहरे एकत्र येतात

बार्सिलोनाचा प्रयोग पाहून इतर शहरांस वाटू लागले, की आपणही हे करावे. युरोप परिषदेने निरनिराळ्या संस्कृतींचे लोक जेथे नांदतात अशा शहरांचे एक मंडळ २००८ मध्ये सुरू केले होतेच. त्याच्या आश्रयाने, युरोपीय संघाच्या द्रव्यसाहाय्याने, २०१४ च्या आरंभी ‘एकात्मतेसाठी संवाद’ या अर्थाच्या नावाचा दीड वर्षाचा उपक्रम हाती घेण्यात आला. सात देशांतील अकरा शहरे त्यात होती : स्पेनमधील बार्सिलोना, बिल्बाओ व साबादेल, पोर्तुगालमधील अमादोरा व लोरेश, जर्मनीतील न्युरेंबर्ग व एर्लांगेन, आयर्लंडमधील लिमरिक, स्वीडनमधील बोतशिर्का, पोलंडमधील लुब्लिन आणि ग्रीसमधील पात्रास.

ही शहरे एकसारखी मुळीच नव्हती. साबादेल हे लोकरी कापडाच्या गिरण्यांचे जुने गाव. १९५० नंतरच्या दोन दशकांत आंदालुसियाहून आलेल्या कामगारांनी ते फुगले. लिमरिक ज्या देशात आहे तो आयर्लंड तर दुष्काळामुळे व दारिद्र्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या माणसे अमेरिकेकडे पाठविणारा. तेथे बाहेरून कामास लोक येऊ लागले, ते अगदी अलीकडे. स्टॉकहोमच्या दक्षिणेस असलेल्या बोतशिर्काचा प्रकार आणखी निराळा. तेथे निम्म्याहून अधिक रहिवासी स्वतः परदेशात जन्मलेले अथवा परदेशी आईबापांची अपत्ये होती. म्हणजे तेथे आवई एखाद्या वस्तीविषयी उठत नसे, तर सबंध गावाविषयीच बाहेरचे लोक काहीबाही बोलत.

तथापि प्रत्येकाने आपापल्या आवयांची यादी समोर मांडली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्याच त्या गोष्टी निघाल्या! सर्व मदत तेच घेतात, आमची कामे तेच नेतात, शाळा त्यांच्यामुळे बिघडतात, गुन्हे तेच करतात. भाषा निराळी, देश निराळा, आलेली माणसे निराळी; आवई मात्र तीच. ही गोष्ट फार बोलकी आहे. दहा गावांत, दहा निराळ्या लोकांविषयी, अक्षरशः एकच गोष्ट सांगितली जात असेल, तर ती गोष्ट त्या लोकांच्या वागण्यातून निघाली असण्याचा संभव कमी. ती सांगणारांच्या भीतीतून निघाली असण्याचा संभव अधिक. एका गावात बसून हे कोणाच्या लक्षात येते ना. अकरा याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हाच ते उघड झाले. शहरांनी एकत्र येण्याचा पहिला लाभ हा, की आपला रोग आपल्यापुरता नाही, हे कळले.

दुसरा लाभ खर्चाचा व श्रमाचा. शिक्षणाची पुस्तके, शिकविणारे जाणकार, मोजमापाच्या प्रश्नावल्या, हे सर्व एकदा तयार झाले की सर्वांच्या उपयोगी पडते. तिसरा लाभ धैर्याचा. निवडणुकीचा विचार करणाऱ्या नगरपालिकेला हा विषय हाती घेण्याची भीती वाटते. परंतु इतर दहा नगरे त्याच कामात आहेत असे दिसले, म्हणजे तिचा पाय स्थिरावतो. सामायिक पद्धत सर्वांची, परंतु मजकूर मात्र ज्याचा त्याचा, असा नियम ठेवण्यात आला. आणि तो योग्यच होता.

म्हणून अमादोराने आपले लक्ष शाळांवर ठेवले आणि ‘अफवेला खाऊ घालू नका’ अशा अर्थाचे बोधवाक्य निवडले. शेजारच्या लोरेश नगरात किंता दो मोशो नावाची एक वस्ती आहे. आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबांची ती वस्ती बदनाम झालेली. बाहेरचा माणूस तिकडे पाऊल टाकीत नसे. २०१४ मध्ये नगरपालिकेने तेथील इमारतींच्या मोठमोठ्या भिंती चित्रकारांस मोकळ्या करून दिल्या आणि उत्सव भरविला. भिंतींवर प्रचंड चित्रे उमटली. ती पाहण्यास लोक येऊ लागले, आणि वस्तीतील रहिवासीच त्यांस हिंडवून चित्रे दाखवू लागले. ज्या वस्तीविषयी लोक ऐकून होते, ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. अफवेला यापरते उत्तर नाही.

मर्यादा कोणत्या दिसल्या

एकच बाजू सांगून आम्ही वाचकांस फसवू इच्छीत नाही. या कामाच्या मर्यादाही अनुभवास आल्या.

पहिली मर्यादा अशी, की खोट्या गोष्टीचे खंडन करताना ती पुन्हा उच्चारावी लागते, आणि ज्याने ती ऐकलेली नसते त्याच्याही कानी ती पडते. म्हणून मोठ्या अक्षरांत आवई व बारीक अक्षरांत तिचे उत्तर, असे पत्रक कधी काढू नये, हा धडा मिळाला. जे सत्य आहे तेच मोठ्याने सांगावे.

दुसरी मर्यादा अशी, की प्रत्येक गाऱ्हाणे ही अफवा नव्हे. दवाखान्यातील रांग खरोखरीच लांब असेल, घरभाडे खरोखरीच आवाक्याबाहेर गेले असेल, तर रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ‘तुझा समज खोटा आहे’ असे सांगणे हा त्याचा अपमान होय. रांग कमी करणे हे नगरपालिकेचे काम. ती लांब का झाली याचे खरे कारण सांगणे हे अफवानिवारकाचे काम. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की दोन्ही कामे फसतात.

तिसरी मर्यादा मोजमापाची. किती पत्रके वाटली हे मोजता येते, परंतु किती मने वळली हे तागडीत घालता येत नाही. दीड वर्षात पिढ्यांचे समज पुसले जातील, अशी अपेक्षा करणेही रास्त नव्हे. या उपक्रमाची खरी परीक्षा त्याच्या टिकण्यात आहे. बार्सिलोना नगरपालिकेतील सत्ता २०११ मध्ये पालटली आणि २०१५ मध्ये पुन्हा पालटली. तथापि अफवानिवारणाचे काम चालू राहिले, कारण ते संस्थांच्या जाळ्याने आपलेसे केले होते. युरोप परिषदेने २०१८ मध्ये दे तोर्रेस यांच्याकडून लिहवून घेतलेली एक मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली आणि युरोपाबाहेरच्या नगरांपर्यंतही ही पद्धत जाऊन पोहोचली.

आपल्याकडील दोन प्रसंग

हे सर्व वाचून एखादा म्हणेल, की आपल्याला याचे काय? त्यास आम्ही दोन प्रसंगांची आठवण देतो.

सन २०१२ च्या जुलै महिन्यात आसामात दंगली झाल्या. त्यानंतर ऑगस्टमध्ये दक्षिणेकडील व पश्चिमेकडील शहरांत भ्रमणध्वनीवरून संदेश फिरू लागले, की ईशान्य भारतातील लोकांवर येथे हल्ले होणार आहेत. बंगळूरहून, तसेच पुणे, हैदराबाद, चेन्नई येथूनही हजारो विद्यार्थी व कामकरी हातचे काम टाकून गावाकडे निघाले. बंगळूरहून गुवाहाटीकडे खास आगगाड्या सोडाव्या लागल्या, आणि एका वेळी अनेकांस संदेश पाठविण्यावर सरकारला काही दिवस बंदी घालावी लागली. सरकारने अभय दिले, पोलिसांनी दिले. परंतु घाबरलेल्या पोराला ज्याच्या शब्दावर विसंबता आले असते असा शेजारचा ओळखीचा माणूस कितीजणांपाशी होता?

दुसरा प्रसंग याहून दारुण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी बाजारचा दिवस होता. भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील. मुले पळविणारी टोळी हिंडत असल्याची आवई त्या दिवसांत सर्वत्र पसरली होती. जमावाने या पाचांस तीच टोळी समजून मारून टाकले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेची झोळी घेऊन हिंडणारे हे लोक. त्यांस ओळखणारा, ‘थांबा, हे कोण आहेत ते आधी विचारू या’ असे म्हणणारा एकही वजनदार शब्द त्या बाजारात वेळेवर उभा राहिला नाही.

वजनदार शब्द, हेच या सर्व अभ्यासाचे सार आहे. अफवा पसरविण्यास कोणीही चालतो. ती थांबविण्यास मात्र ज्याची पत आहे असाच माणूस लागतो. पत ही व्यापाऱ्याची कमाई असते. आपल्या दुकानाच्या गादीवर दिवसाकाठी जितके बोलणे होते, तितके गावात क्वचितच दुसरीकडे होत असेल. हमाल, गिऱ्हाईक, गाडीवान, दलाल, शेतकरी, सर्व तेथे येतात आणि ऐकलेले सांगतात. त्या बोलण्याला आपण नुसती मान हलविली, तरी ते आपल्या शिक्क्यानिशी पुढे जाते. आणि आपण एकदा विचारले, ‘हे तुम्ही पाहिले काय?’ तर पुष्कळदा ते तेथेच विरते.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी आज जी घराणी जुनी म्हणून मानाने ओळखली जातात, त्यांतील कितीतरी एका काळी परमुलखातून येऊन येथे वसली. तेव्हा भाषा परकी होती, चालीरीती परक्या होत्या. आणि कोणीतरी जुन्या माणसाने ‘हे लोक व्यवहाराला सचोटीचे आहेत’ असे चार माणसांत सांगितले, म्हणून पहिली उधारी मिळाली, पहिले दुकान भाड्याने मिळाले. ते ऋण कोणाच्याही खातेवहीत लिहिलेले नाही, पण ते फिटलेलेही नाही. आज ओरिसा, बिहार, राजस्थान वा आसाम येथून कामास आलेला मजूर आपल्या गोदामात पोती उचलतो. त्याच्याविषयी गावात काय बोलले जाते, याची चौकशी ठेवणे, हा त्या ऋणाचा पहिला हप्ता समजावा.

व्यवहारात यासाठी मोठा खटाटोप नको. प्रत्येक गावच्या मंडळाने आपल्या पेठेत फिरणाऱ्या आवयांची वही ठेवावी. त्यांतील खरेखोटे नगरपालिकेकडून व पोलीस कचेरीकडून विचारून घ्यावे. चार समंजस तरुणांस व भगिनींस शांतपणे उत्तर देण्याचे शिक्षण द्यावे. घरात व शेजारात भगिनींचा शब्द आपल्या शब्दाहून दूरवर पोहोचतो. आणि निरनिराळ्या गावच्या मंडळांनी वर्षातून एकदा आपापल्या वह्या एकमेकांस दाखवाव्यात. भावाची व मालाची खबर आपण एकमेकांस नित्य कळवितोच. त्याच वाटेने हीही खबर जाऊ द्यावी. बेळगावच्या वहीतील आवई इंदूरच्या वहीत शब्दशः सापडली, तर तिची किंमत काय हे दोन्ही गावांस एकदमच कळून येईल.

येत्या वर्षात एका तरी गावच्या मंडळाने अशी वही उघडावी, अशी आमची सर्व सभासदबंधूंस नम्र विनंती आहे.